एमवायचे उंदीर आणि गेडिस साहेबाची दिवाळी

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आपल्या एमवाय हॉस्पिटलमधल्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदरांनी कुरतडलं. दोन्ही बाळं पुढे काही दिवसांत गेली. त्यांतलं एक धार जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातलं होतं. दोन्ही बाळं जन्मतःच गंभीर व्यंग घेऊन आली होती आणि मृत्यू त्यामुळे झाला, उंदरांमुळे नव्हे, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चौकशी बसली, काहींना निलंबित केलं, काहींना पदावरून दूर केलं, कीटकनियंत्रणाचा ठेका असलेल्या खाजगी कंपनीला दंड झाला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, जुलैमध्ये, इंदूर स्वच्छतेत सलग आठव्यांदा देशात अव्वल ठरलं होतं.

ही बातमी आली तेव्हा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले, "अरे, तुमचं ते स्वच्छ शहर ना?" आपल्यापैकी अनेकांना आले असतील. उत्तर काय द्यायचं हे कळेना. मग मी जुनी पुस्तकं आणि कात्रणं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की इंदूर, इस्पितळ आणि उंदीर हे त्रिकूट काही नवीन नाही. शंभर वर्षांत ते तीनदा तरी एकत्र आलं आहे, आणि पहिल्या दोन वेळी इंदूरने जे केलं ते जगाने पाहावं असं होतं.

१८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग रेल्वेच्या वाटेने माळव्यात पोचायला फार वर्षं लागली नाहीत. त्या काळी इंदूर म्हणजे एक शहर नव्हतं, दोन होती. राजवाड्याभोवतीचं होळकरांचं इंदूर वेगळं, आणि पूर्वेकडचं रेसिडेन्सीचं, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातलं, छावणीच्या बाजाराचं इंदूर वेगळं. दवाखानेही तसेच वाटलेले. रेसिडेन्सीच्या बाजूला धर्मादाय इस्पितळ आणि त्याला जोडून १८७८ साली सुरू झालेलं मेडिकल स्कूल. १९१० नंतर त्याला किंग एडवर्डचं नाव मिळालं. ती दगडी इमारत आजही एमवायच्या शेजारी उभी आहे. (२०२४ साली तिथे कुणीतरी हॅलोविनची पार्टी केली आणि शहरभर गहजब झाला, तीच ही इमारत. भुताटकीची जागा म्हणून आपल्या पोरांना ठाऊक आहे, हिंदुस्थानातल्या जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक म्हणून नाही.) राज्याच्या बाजूला तुकोजीराव महाराजांच्या नावाचं इस्पितळ, आपलं एमटीएच. आज 'एमटीएच कंपाउंड' हा बहुतेकांना दुकानाचा पत्ता वाटतो. इंदुरात दवाखान्यांची नावं अशी मोहल्ल्यांची होऊन जातात आणि मूळ संस्था मागे राहते.

प्लेगला मात्र रेसिडेन्सीची हद्द कळत नव्हती. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाला बोलावलं. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, कामाने नगररचनाकार आणि स्वभावाने थोडा विक्षिप्त असा हा गृहस्थ १९१७ साली इंदुरात होता. त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि नगररचनेचे विद्यार्थी तो अजूनही वाचतात. पण मला त्या अहवालापेक्षा त्याने काढलेली दिवाळीची मिरवणूक जास्त महत्त्वाची वाटते.

गेडिसने दरबाराकडून एका दिवसापुरता जणू राजाचाच अधिकार मागून घेतला. मग दवंडी पिटली की यंदाची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. जो मोहल्ला सगळ्यात चांगला झाडून, डागडुजी करून ठेवेल त्याच्या रस्त्यावरून जाईल. घराघरांतला साठलेला केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. लोकांनी घरं साफ केली, भिंती रंगवल्या, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर गेला, उंदीर पिंजऱ्यांतून पकडून दिले गेले. मिरवणुकीत हत्ती होते, शेतीची आणि सुगीची दृश्यं होती, पण मध्येच कर्कश वाद्यांबरोबर दोन भीषण आकृत्या आल्या. एक अस्वच्छतेचा राक्षस, दुसरा प्लेगचा प्रचंड उंदीर. आणि त्यांच्या मागून शहराचे सफाई कामगार, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंसह, गळ्यात हार घालून. त्यांच्या मागे भविष्यातल्या इंदूरचे देखावे: वाचनालय, बागा, चांगली घरं. शेवटी राक्षस आणि उंदीर दोन्ही जाळले. रावणाच्या जागी उंदीर!

त्या काळात सफाई कामगाराला हार घालून राजरस्त्यावर मिरवणं ही केवढी गोष्ट होती, याची कल्पना आजच्या पिढीला येणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांना ते रुचलंही नसेल, हे कबूल करायला हवं. पण गेडिसचं म्हणणं साधं होतं. इस्पितळात जो रोग येतो तो मोहल्ल्यात तयार होतो, आणि मोहल्ला साफ ठेवणाऱ्याला मान नसेल तर तो साफ राहणार नाही. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्याचा विरोध असे. जेवढं सडलं आहे तेवढंच काढावं आणि बाकीचं वाचवावं, अशा पद्धतीला त्याने शस्त्रक्रियेचाच शब्द वापरला. पुढे काही वर्षांनी इंदुरातच आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. कचऱ्याच्या बाबतीत हे शहर पहिल्यापासूनच हुशार होतं, २०१७ पासून नव्हे.

नंतर संस्थान गेलं. मध्य भारत झाला. महात्मा गांधींच्या नावाचं मेडिकल कॉलेज १९४८ मध्ये सुरू झालं आणि पन्नाशीच्या दशकात यशवंतराव होळकरांच्या नावाचं सात मजली इस्पितळ उभं राहिलं. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन इथल्या माणसाला 'इंदूर' म्हणजे राजवाडा किंवा सराफा नव्हे, इंदूर म्हणजे एमवाय. तो बसमधून उतरतो तो एमवायसाठी आणि बऱ्याचदा शहराचं दुसरं काही न बघता परत जातो. इस्पितळाभोवतीची सगळी वस्ती त्याच्यावरच जगते. औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी, रांगेत उभ्या ॲम्ब्युलन्स, पोह्याचे ठेले, उसाचा रस, चादरी आणि थर्मास विकणारे, मुक्कामाला धर्मशाळा आणि त्यात जागा नसली की फुटपाथ.

सत्तरच्या दशकात माझे वडील तीन आठवडे तिथल्या सर्जिकल वॉर्डात होते. मी तेव्हा शाळेत. रामबागेतून सायकलवर, शास्त्री पूल ओलांडून, मधुमिलनवरून डबा पोचवायचं काम माझ्याकडे. वॉर्डातल्या एक मावशी होत्या, निमाडी बोलायच्या. वडिलांचं जेवण झालं की त्या डबा तपासायच्या. उष्टं एक शीतही वॉर्डात राहता कामा नये, सगळं डब्यात भरून घरी न्यायचं, असा त्यांचा दंडक. मला त्या फार कडक वाटायच्या. त्या कशासाठी एवढं करत होत्या हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

दुसरा उंदीर १९९४ चा. त्या सप्टेंबरात सुरतेला प्लेगची साथ आली आणि तिथून पळालेले लोक गुजरातच्या सीमेवरून माळव्यातही आले. एमवायची अवस्था तेव्हा अशी होती की उंदीर पेशंटच्या खाटांखाली राजरोस फिरत. तेव्हाचे जिल्हाधिकारी सुधीरंजन मोहंती यांनी जे केलं ते करायला धाडस लागतं: अख्खं इस्पितळ रिकामं केलं. पेशंट शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यांत हलवले, वर्षानुवर्षं साठलेलं भंगार आणि घाण ट्रक भरभरून बाहेर काढली, बिळं बुजवली, विषारी धूर दिला. मेलेल्या उंदरांची संख्या बारा हजारांवर सांगितली गेली. मोहिमेचं नाव 'कायाकल्प'. लोकांनी पैसे दिले, व्यापाऱ्यांनी सामान दिलं, कित्येक स्वयंसेवक स्वतः झाडू घेऊन गेले. त्यांत आपल्या मंडळींपैकीही काही होते.

पण खरं महत्त्वाचं त्यानंतर घडलं. साफ झालेलं इस्पितळ साफ ठेवायचं कोणी? सरकारी पद्धतीत इस्पितळाला मिळालेला रुपया खजिन्यात जातो आणि नळाचा वायसर बदलायलाही भोपाळकडे बघावं लागतं. म्हणून रोगी कल्याण समिती निघाली. डॉक्टर, अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि शहरातले नागरिक यांची ही समिती. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून थोडं शुल्क, आवारातल्या दुकानांचं भाडं, देणग्या, आणि हा पैसा तिथेच खर्च करण्याची मुभा. पुढे मध्य प्रदेशाने ही पद्धत राज्यभर नेली, २००० साली तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ती देशभर गेली. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात 'रुग्ण कल्याण समिती'चा फलक दिसला, तर त्याचा उगम आपल्या एमवायच्या उंदरांत आहे हे आवर्जून सांगावं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वच्छ रुग्णालयांसाठी पुरस्कार योजना काढली, तिचंही नाव 'कायाकल्प'च.

मग तिसरा उंदीर आला कुठून? २०१४ मध्येही एकदा मोठी मोहीम झाली होती, म्हणजे दर दहा-वीस वर्षांनी आपण उंदीर मारतो आणि मधली वर्षं विसरतो. २०२५ मध्ये पावसाने बिळांत पाणी शिरलं म्हणून उंदीर आत आले, असंही सांगण्यात आलं. पाऊस तर दर वर्षी पडतो. माझ्या मते फरक दुसरीकडे आहे. १९९४ नंतरचं इस्पितळ 'कुणाचं तरी' होतं. आता झाडलोट ठेक्यावर, सुरक्षा ठेक्यावर, कीटकनियंत्रण ठेक्यावर. ठेकेदाराच्या कागदावर औषध फवारल्याची नोंद असते, पण वॉर्डात डबा तपासणारी मावशी ठेक्यात बसत नाही. समित्या कागदावर आहेत, बैठकाही होत असतील, पण शहरातल्या सामान्य माणसाला तिचा एक तरी सदस्य माहीत आहे का? मला माहीत नव्हता. आणि शुल्काची बाजूही तपासायला हवी. गरिबाकडून घेतलेल्या पाच-दहा रुपयांवर स्वच्छता चालवायची, ही कल्पना मला तेव्हाही खटकली होती. सरकारचं काम वर्गणीवर चालायला लागलं की सरकार हळूच हात काढून घेतं.

आणखी एक गोष्ट सरकारी चौकशीत येत नाही, ती म्हणजे नातेवाईक. झाबुआहून आलेल्या पेशंटबरोबर दोन-तीन माणसं असतात. ती कुठे जेवणार, कुठे झोपणार? व्हरांड्यात, जिन्याखाली, खाटेच्या बाजूला. त्यांची पोळी-भाजी, त्यांचा शिळा भात, तोच उंदरांचा शिधा. दोष त्यांचा नाही. त्यांना बसायला जागा नाही हा दोष आहे.

आता सुमारे ७७३ कोटींची नवी इमारत मंजूर झाली आहे. ती लागेलच, जुनी सात मजली इमारत आपल्याच ओझ्याने थकली आहे. पण २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात काय झालं ते आठवा. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, माणसं गेली, शेकडो आजारी पडले आणि शहरातल्या दवाखान्यांत धाव घ्यावी लागली. भागीरथपुरा मिलच्या भागातली कामगारांची वस्ती. सुशोभित रस्त्यांवरून स्वच्छतेची पाहणी होते तेव्हा तिथला पाईप कुणाला दिसत नाही. इमारत कितीही मोठी बांधली तरी असा एक पाईप फुटला की तिचे वॉर्ड भरायला दोन दिवस लागत नाहीत. गेडिसची मिरवणूक मात्र ज्या गल्लीने घर साफ केलं त्या गल्लीत जाणार होती, मग ती गल्ली राजवाड्यापासून कितीही दूर असो.

शेवटी आपल्याबद्दल. आपल्या मंडळींपैकी कित्येकजण, मीही, श्राद्धाला किंवा वाढदिवसाला एमवायबाहेर खिचडीची किंवा पुरी-भाजीची पाकिटं वाटतो. ती पाकिटं घेऊन माणसं आत जातात, अर्धी खातात, उरलेली पिशवीत गुंडाळून खाटेखाली ठेवतात. पुण्य आपल्याला मिळतं आणि उरलेलं उंदरांना. येत्या सभेत मी असं मांडणार आहे की यापुढे आपण पाकिटं वाटू नयेत. त्याऐवजी इस्पितळाच्या परवानगीने बाहेरच्या बाजूला एक शेड, पत्र्याची असली तरी चालेल, चार बाकं, हात धुवायला नळ आणि ताटात वाढलेलं जेवण. ताटं धुणाऱ्या बाईला रीतसर पगार. वर्षाकाठचा हिशोब मी काढून ठेवला आहे. गेल्या तीन गणेशोत्सवांत रोषणाईवर जेवढा खर्च झाला, त्याहून तो कमी आहे.