खुळखुळा स्वस्त आहे, वेळ महाग

तान्ह्या बाळांच्या बाजारात सध्या 'मेंदू' हा शब्द सगळ्यात जास्त खपतो. मेंदूला चालना देणारी काळी-पांढरी कार्डं, मेंदू तल्लख करणारी गाणी, 'आज तुमचं बाळ २४० दिवसांचं झालं, आजचा खेळ घेतलात का?' असं दरडावणारी अ‍ॅप्स. घोटीसारख्या भातगिरण्यांच्या गावातही पेठेतल्या दुकानांपुढे 'एज्युकेशनल' खेळणी लटकलेली दिसतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि आठ महिन्यांच्या मुलीचा बाप आहे. या बाजाराचं गिऱ्हाईक म्हणजे मीच. म्हणून स्पष्टच सांगतो: पहिल्या वर्षातला खेळ ही विकत आणायची वस्तू नाही. तो दोन माणसांमधला व्यवहार आहे आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ आपण आईबापांकडून, त्यातही कष्टकरी आईकडून, काढून घेतला आहे आणि बदल्यात तिला सल्ले देतो आहोत.

नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचं नीट दिसतं. अंगावर पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. दीड-दोन महिन्यांत ते हसण्याला हसून उत्तर देतं. चार-पाच महिन्यांत वस्तूकडे हात नेतं, हाती लागेल ते तोंडात घालतं. पुढे आठ-नऊ महिन्यांचं झालं की चमचा खाली टाकतं; आपण उचलून दिला की पुन्हा टाकतं. आपल्याला हा वात्रटपणा वाटतो, पण तो प्रयोग असतो. चमचा दर वेळी खालीच जातो का? आवाज येतो का? आणि मुख्य म्हणजे, आई दर वेळी उचलून देते का? बुवा-कुक करताना पदराआड गेलेला चेहरा नाहीसा होत नाही, परत येतो, हे ते पडताळून पाहतं. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचं आणि शेवटी काखेत गुदगुल्या करायच्या, या खेळात बाळ गुदगुल्यांच्या आधीच हसायला लागतं. पुढे काय येणार, हे त्याला कळलेलं असतं. क्रम ओळखणं, वाट पाहणं, आपली पाळी घेणं: बोलायला शिकण्याची तयारी इथे होते.

आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. बाळाने काही केलं की समोरून त्याला साजेसं उत्तर यायला हवं. व्हिडिओत हे उत्तरच नसतं. बाळ हसलं काय, रडलं काय, पडद्यावरचा हत्ती नाचतच राहतो. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, तेव्हा त्या भाषेतले वेगळे ध्वनी बाळांना ओळखता आले. तीच माणसं, तीच भाषा टीव्हीवरून दाखवली तेव्हा बाळांना काहीच फरक पडला नाही. बाळांना हुशार करण्याच्या नावाखाली विकल्या गेलेल्या 'बेबी आइनस्टाइन' व्हिडिओंचे पैसे परत द्यायला डिस्ने कंपनी २००९ मध्ये तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच; जमिनीवर माणसांसोबत खेळवा, जागेपणी दिवसातून एकूण किमान अर्धा तास पालथं ठेवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको म्हणते.

यावर गावाकडचं उत्तर ठरलेलं असतं: 'आमच्या आजीला हे सगळं येत होतं, अ‍ॅप कशाला?' हे निम्मं खरं आहे. खुळखुळा, पाळण्यावरचं चिमणाळं, मांडीवरचे झुलवण्याचे खेळ ही परंपरा अस्सल आहे. पांगुळगाडाच घ्या. त्यात बाळ स्वतः उभं राहतं, गाडा ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळतं. आज त्याच्या जागी आलेल्या वॉकरमध्ये बाळाला बसवून ठेवतात. कॅनडाने अपघातांमुळे २००४ पासून या वॉकरवर बंदी घातली. आपल्याकडे ते बारशाचा आहेर म्हणून येतात. पण याच परंपरेत नाका-कानात तेल घालणं आहे, 'एवढ्याशा बाळाला काय कळतंय' हेही आहे. आणि आजीचे गोडवे गाणारे पुरुष त्या वेळी कुठे होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आजीला येत होतं, कारण बाळ तिच्या अंगावर टाकलं होतं.

खरी अडचण अज्ञानाची नाहीच. इगतपुरी तालुक्यात जुलैत आवणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. बाळ बांधावर नाहीतर झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. या आईला बुवा-कुक येत नाही असं समजून तिला 'जागृती' करायला जाणं हा उद्धटपणा आहे. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि रजा २६ आठवड्यांची झाली. पण रोजावर शेतात जाणाऱ्या बाईपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. खाजगी नोकरीतल्या बापाला तर कायद्याने एक दिवसही नाही. मला पाच दिवस मिळाले, तेही 'घेतलीच पाहिजे का?' या प्रश्नासकट. वर आम्हीच आईबापांना रोजचा खेळ सुचवणारी अ‍ॅप्स लिहायची.

सरकारची गोष्ट याहून वेगळी नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्यात शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळाच्या वाट्याला मुख्यतः लस, वजनकाटा आणि आहार. हे आवश्यकच आहे, पण बाळ म्हणजे वाढवायचं वजन नव्हे. २०२४ मध्ये केंद्राने 'नवचेतना' नावाने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी महिनावार खेळांचा आराखडा आणला. चांगलं केलं. पण तो घराघरांत नेणार कोण? तीच अंगणवाडी सेविका, जिला २०२१ मध्ये निकृष्ट सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन करावं लागलं आणि २०२३ च्या डिसेंबरात मानधनासाठी संपावर जावं लागलं.

'आम्हीही असेच वाढलो, काय बिघडलं?' असं म्हणणाऱ्यांनी जमैकाचा अभ्यास पाहावा. तिथे १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी किंग्स्टनमधली नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्याला तासभर, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन जात आणि आईसोबत बाळाशी खेळत. वीस वर्षांनी ही मुलं, हा खेळ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. यात अ‍ॅप नव्हतं. होती पगारी बाई, तिचा तासभर आणि एक आई.

आपल्याला जमैकापर्यंत जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. त्यांनी बालवाडी पाड्यावर, अंगणात नेली आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. पाळणाघराशिवाय मोठी बहीण शाळेत येणार नाही, हे त्यांना कळलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. म्हणजे बाळाला सांभाळणं हेही काम आहे, हे या देशाने कायद्यात लिहून ठेवलं होतं.

मग मागण्या अवघड नाहीत. आवणीच्या दिवसांत पाड्यापाड्यावर पाळणाघर हवं. सेविकेला आठवड्याच्या घरभेटीचे वेगळे पैसे हवेत आणि त्यासाठी तिच्यावरचं नोंदींचं ओझं कमी व्हायला हवं. बापाला सक्तीची, पगारी रजा हवी. सक्तीची अशासाठी, की ऐच्छिक ठेवली तर घेणारा कामचुकार ठरतो. यातलं काहीही न देता तान्ह्या बाळाच्या मेंदूची काळजी करणारा प्रत्येक जण, मग तो मंत्री असो, कंपनी असो की व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पुढे ढकलणारा काका, त्या बाईला एवढंच सांगतो आहे: वेळ आम्ही देणार नाही, पण कमी पडलीस तर दोष तुझा.