स्थानकालगतची घरे कोणासाठी?

पुण्यात मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत शुल्क भरून चारपर्यंत एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) मिळू शकतो. खाली दुकाने, वर घरे आणि चालत गेले की मेट्रो, अशी ही कल्पना. ती योग्यच आहे. शहर डोंगरउतारांवर आणि शेतांत पसरत जाण्यापेक्षा स्थानकांभोवती दाट झालेले केव्हाही बरे. प्रश्न आहे तो ही वाढीव जागा कोणाच्या वाट्याला जाणार, हा.

मेट्रोच्या खर्चात केंद्र आणि राज्य या दोघांचा पैसा आहे. तिच्यामुळे कर्वे रस्त्यालगतच्या जमिनीला जो भाव चढतो, तो जमीनमालकाने कमावलेला नव्हे. त्या जागेवर प्रशस्त चार बीएचके आणि प्रत्येक घरामागे दोन गाड्यांची जागा दिली, तर त्या घरांतून मेट्रोला प्रवासी कितीसे मिळणार? लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडणारी विक्रेती, रात्रपाळी करणारी परिचारिका, नुकता नोकरीला लागलेला मुलगा यांना मेट्रोची रोजची गरज आहे. त्यांनी मात्र धायरी-नऱ्हेत भाड्याने राहायचे आणि सिंहगड रस्त्याच्या कोंडीत दुचाकी रेटायची!

मुंबईचा गिरणगाव डोळ्यांसमोर आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीतून मोकळ्या जागा आणि परवडणाऱ्या घरांसाठी मोठे वाटे राखले होते. २००१च्या दुरुस्तीने हे वाटे गिरण्यांच्या आवारातल्या बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतेच उरले. लोअर परळला कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले, पण स्थानकांचे पूल तसेच अरुंद राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. चटईक्षेत्र वाढले तरी माणसांच्या चालण्याच्या वाटेचा विचार कोणी केला नाही.

पुण्याला ‘खाली दुकान, वर घर’ नवे नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावरचे ठोके तळमजल्यावर पडत आणि संसार वर चालत असे. तिथे आता जवळच भुयारी स्थानक आहे. अशा पेठांत पुनर्विकास झाल्यावर कारागिराला, किराणावाल्याला, चपला शिवणाऱ्याला परवडेल असा छोटा गाळा त्याच इमारतीत मिळाला पाहिजे. तळमजला अख्खा एखाद्या मोठ्या शोरूमला देऊन हे साधणार नाही.

म्हणून जादा एफएसआय देताना अटी घालाव्यात आणि त्या बांधकाम परवान्यातच लिहाव्यात. ठरावीक वाटा लहान घरांचा आणि भाड्याच्या घरांचा असावा. पार्किंग घराच्या किमतीत न मिसळता वेगळे विकावे. आणि जमा होणारे शुल्क आधी त्याच परिसरातल्या पदपथांवर, रस्ता ओलांडण्याच्या सोयींवर खर्च व्हावे. आज मेट्रो स्थानकाचा जिना उतरून आलेल्या प्रवाशाला पदपथावर लावलेल्या दुचाकींमधून वाट काढावी लागते. ज्येष्ठ नागरिकांनी तर तिथून जायचे कसे?

सुरुवात स्वारगेटपासून करता येईल. तिथे एसटी, पीएमपी आणि मेट्रो एकत्र येतात आणि एसटीची जमीन सार्वजनिक मालकीची आहे. खासगी विकसकाला अटी घालायला सरकार कचरत असेल, तर निदान स्वतःच्या जमिनीवरच्या निविदेत तरी लहान घरे आणि छोटे गाळे बंधनकारक करावेत.