म्हैस विकून कॅमेरा घ्यावा का?



या सदरात एरवी मी खताच्या मात्रा आणि फवारणीच्या वेळा सांगत असतो. आजचा विषय निराळा आहे, पण तो आला शेतकऱ्याच्याच घरातून. गेल्या दिवाळीनंतर कांदा पिकवणारे एक गृहस्थ कार्यालयात आले. सोबत बारावी झालेला मुलगा. मुलाला लग्नाचे फोटो काढण्याचा जोडधंदा करायचा होता. मोबाईलवर पाहून त्याने सामानाची यादी केली होती: मोठा फुल फ्रेम कॅमेरा, तीन लेन्स, दोन फ्लॅश, वर ड्रोन. वडिलांनी यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, दुभती म्हैस विकली अन् सोसायटीचं पीककर्ज यंदा जरा जास्त उचललं, तर हे बसतंय. विकू का?"

मी म्हटले, अण्णा, म्हैस दावणीलाच राहू द्या, यादी मात्र इकडे द्या.

शेतकी खात्याच्या माणसाला कॅमेऱ्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पीक प्रात्यक्षिकांचे आणि शेतकरी मेळाव्यांचे फोटो काढता काढता माझी नोकरी सरत आली. भावकीतल्या लग्नांतही कॅमेरा माझ्याच गळ्यात असतो. चुका करून जे शिकलो तेवढेच सांगतो.

आधी पैशाचे. म्हैस दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार आणते. लग्नाचा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, चैत्र-वैशाखात भरास येतो आणि चातुर्मासात बंद पडतो. त्यातही अधिक महिना आला की तिथी घटतात. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन मोसमातच. पीककर्जाचा भरणा बहुतेक सोसायट्यांत मार्चअखेर करावा लागतो आणि लग्ने दाट असतात ती एप्रिल-मे महिन्यांत. मग भरणा कशातून करणार? थकबाकी झाली की व्याजाची सवलतही जाते. कर्ज काढायचेच असेल तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. ही योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या शिशु गटात छोट्या धंद्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. पहिल्या वर्षी त्या रकमेच्या आत बसेल तेवढेच सामान घ्यावे, असे माझे मत आहे.

आता त्या रकमेत काय घ्यावे? मुलाच्या यादीत सर्वांत मोठी रक्कम कॅमेऱ्याच्या बॉडीला होती आणि लेन्ससाठी उरलेले चिल्लर. इथेच नवखी पोरे फसतात. आपल्याकडे कितीतरी लग्ने गोरज मुहूर्तावर लागतात. दिवस मावळलेला, मांडवात दिवे कुठे आहेत कुठे नाहीत. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात. हा सारा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. तो पुन्हा करून दाखवा, असे भटजींना सांगता येत नाही. त्या वेळी आत उजेड किती येतो हे लेन्स ठरवते.

लेन्सवर एफ ५.६, एफ २.८, एफ १.८ असे आकडे असतात. आकडा लहान तितके तोंड मोठे. हे पाईपवरून समजून घ्या. दोन इंची पाईपऐवजी चार इंची टाकला तर तोंडाचे क्षेत्र दुप्पट होत नाही, चौपट होते. तसेच एफ ५.६ वरून एफ २.८ वर आलात की उजेड चौपट येतो, आणि एफ १.८ वर नऊपटीहून जास्त. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळते ती १८-५५ लेन्स पुढे ओढली की एफ ५.६ वर जाते. मांडवातल्या ज्या उजेडात ती सेकंदाचा तिसावा भाग मागते आणि नवरीचा हललेला हात पुसट काढते, तिथे एफ २.८ ची लेन्स सव्वाशेव्या भागात काम उरकते. हात थांबलेला दिसतो, उडालेली अक्षता दिसते.

म्हणून माझा सल्ला असा. बॉडी जुनी, साधी, पण चांगल्या हातातली घ्यावी. मोठ्या कंपन्यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर असल्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. त्यावर एक ५० एमएम, एफ १.८ ची लेन्स घ्यावी. ती बहुधा प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी चालते. चेहरा, हळद, मुंडावळ्या यांसाठी उत्तम. पण बोहल्यावर मागे सरकायला जागा नसते, पाहुण्यांची पंचवीस माणसे एका फोटोत बसवायची असतात, तिथे ती कामाची नाही. तिथे ती फुकटची १८-५५ च फ्लॅश लावून वापरावी. पहिल्या मोसमाची कमाई हाती आली की मग १७-५० एमएम, एफ २.८ घ्यावी. खरे सांगायचे तर लग्नातले निम्म्याहून जास्त काम हीच लेन्स करते. ७०-२०० ची लांब लेन्स दिसायला रुबाबदार, वजनाला दीड किलो. ती लागेल त्या दिवशी भाड्याने आणावी. दोन एकरवाला ट्रॅक्टर भाड्यानेच लावतो ना?

एफ १.८ च्या मोहात एक चूक माझ्या हातून पुतण्याच्या लग्नात झाली. वर-वधू समोरासमोर उभे, मी एका बाजूला. वधू स्वच्छ आली, वर धुरात उभा असल्यासारखा. तोंड मोठे उघडले की स्पष्ट दिसण्याचा पट्टा अरुंद होतो. दोघेही कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असे उभे राहावे, नाहीतर आकडा एफ ४ पर्यंत वाढवावा. तो फोटो वहिनींनी अजून अल्बममध्ये लावलेला नाही.

जुने सामान घेताना दोन-तीन गोष्टी बघाव्यात. बॉडीने आजवर किती फोटो काढले तो आकडा विचारावा. साध्या बॉडीचे शटर सुमारे एक लाख फोटोंचे धरतात. एका लग्नात दोन हजार फोटो सहज निघतात, म्हणजे पन्नास लग्ने. साठ हजार झालेली बॉडी घेतली तर वीसच लग्नांचा हिशेब उरतो. किंमत त्या मानाने पाडून मागावी. निकॉन घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. डी ३५००, डी ५६०० या बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यावर स्वस्त मिळते म्हणून जुनी 'एएफ-डी' लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो आणि अंतरपाट काही थांबत नाही. 'एएफ-एस' लिहिलेली घ्यावी.

लेन्समध्ये पलीकडून बॅटरीचा उजेड टाकून आत बघावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. हो, आपलीच बुरशी, पिकावर येते त्याच जातकुळीतली. तिला ओलावा आणि अंधार मिळाला की ती काचेवरही वाढते, आणि काचेचा लेप खाल्ला की पुसूनही डाग जात नाही. अशी लेन्स कितीही स्वस्त असो, घेऊ नये. आपली लेन्स पावसाळ्यात कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, जसे आपण बियाणे कोरडे ठेवतो. जेलचा रंग बदलला की बदलून टाकावे. निळे जेल असेल तर ते पोरांच्या हाती लागू देऊ नये आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. त्यातला रंग विषारी असतो.

फ्लॅश एक असला तरी चालेल. दुकानदार सांगतो की फ्लॅश छताकडे वळवा, उजेड मऊ पडतो. हे पांढऱ्या छताच्या कार्यालयात खरे. आपल्या मांडवाचे कापड लाल-पिवळे. त्यावरून उलटलेला उजेड नवरीला कावीळ झाल्यासारखी दाखवतो. उघड्या अंगणात तर उलटायला छतच नाही. तिथे फ्लॅशला पांढरा पुठ्ठा किंवा छोटी सॉफ्टबॉक्स लावून समोरूनच मारावा. सेल चार्जिंगचे घ्यावेत, दोन संच.

यादीत एक गोष्ट नव्हतीच, ती म्हणजे बिघाड झाला तर काय. विहिरीवरची मोटर जळाली तर पीक दोन दिवस तग धरते. लग्नात दोन मिनिटेही मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक लग्नाला दुसरी बॉडी हवीच; विकत नको, भाड्याची किंवा मित्राची चालेल. कार्डे एक मोठे घेण्याऐवजी दोन-तीन मध्यम घ्यावीत आणि अर्ध्या लग्नात बदलावीत. रात्री घरी आल्यावर जेवणाआधी फोटो दोन ठिकाणी उतरवावेत, आणि अल्बम पोचेपर्यंत कार्ड पुसू नये. माझ्या ओळखीच्या एका घरी लेकीच्या सप्तपदीचा एकही फोटो नाही, कारण फोटोवाल्याने तेच कार्ड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नात वापरले. त्याने विसार परत केला. घरच्यांनी तो घेतला नाही.

ड्रोनवर मी काट मारली. पोरगा थोडा खट्टू झाला.

शेवटी त्यांनी जुनी बॉडी, ५० एमएम, एक फ्लॅश आणि तीन कार्डे घेतली. मुलाने आधी तालुक्याच्या एका फोटोवाल्याच्या हाताखाली चार लग्ने केली, मग स्वतःची सहा घेतली. त्यातल्या दोन तिथी नेमक्या उन्हाळी कांद्याच्या काढणीत आल्या. वडिलांनी दोन्ही दिवस एकेक मजूर जास्त लावला आणि ती मजुरी वहीत मुलाच्या नावावर लिहून ठेवली.