टॉम नूक आणि धनाकर्ष

व्हिडिओ गेममधल्या प्राण्यांच्या नावांना अर्थ असतो, असं म्हटलं की आमचे काही शहाणे मित्र हसतात. ‘अहो, पोरांचा खेळ तो! काहीतरी नाव ठोकून द्यायचं, झालं!’ या मंडळींशी माझं कडाक्याचं भांडण आहे.

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. साहित्याशी माझा संबंध सहीपुरता. पण व्यवहार कळतो. परकी भाषा म्हणजे परकं चलन. येन घेतलेत, तर तेवढ्याच किमतीचे डॉलर हातावर ठेवा. नोटेवरचं चित्र वेगळं असलं तरी चालेल, किंमत घटता कामा नये.

‘पोकेमॉन’ हा खेळ जपानात १९९६ साली आला. त्यातल्या सापाचं जपानी नाव ‘आर्बो’, म्हणजे उलटा केलेला ‘बोआ’ अजगर. दोन वर्षांनी खेळ इंग्रजीत गेला. तिथल्या भाषांतरकाराने कोश उघडलाच नाही. त्याने ‘स्नेक’ची इंग्रजी अक्षरं उलटी लावली आणि ‘एकान्स’ तयार केला! शब्द बदलला, खोडी शाबूत. ‘पिकाचू’ला तर त्यांनी हातच लावला नाही. ‘पिका’ म्हणजे लखलखाट आणि ‘चू’ म्हणजे उंदराचा आवाज. आपलाही उंदीर चूंचूंच करतो, त्यामुळे मराठी पोराला अर्धं नाव फुकटात कळतं.

आता ‘ॲनिमल क्रॉसिंग’मधला दुकानदार घ्या. जपानात २००१ साली तो ‘तानुकीची’ म्हणून आला. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला प्राणी, लोककथांत रूपं पालटून माणसांना गंडवणारा. जपानी दुकानांच्या दारात त्याचा मातीचा पुतळा असतो. एका हातात मद्याची बाटली, दुसऱ्या हातात उधारीची वही! वर्षभराने इंग्रजीत त्याचा ‘टॉम नूक’ झाला. भरभर म्हणून पाहा, ‘तानुकी’च ऐकू येतो. पण त्याला तिथे ‘रॅकून’ म्हटलं गेलं, जो सर्वस्वी वेगळ्या कुळातला. आवाज पोचला, पण ‘बाबा रे, गाठ तानुकीशी आहे’ ही सूचना वाटेतच गळाली. रुपयामागे चार आणे कापलेच की! गंमत म्हणजे हा लबाडाचा अवतार घरासाठी कर्ज देतो ते बिनव्याजी आणि बिनमुदतीचं. आमच्या बँकेत त्याला पहिल्याच दिवशी निलंबित केला असता.

तरीही रुपयाचे बारा आणे पोचवणाऱ्याला मी सलाम करतो. कारण आमच्याकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. इंग्रजीत ड्राफ्ट ‘ओढतात’, म्हणून आमच्या फॉर्मवर मराठीत ‘धनाकर्ष’ छापलेला असतो. कोशाप्रमाणे बिनचूक! पण बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे धनाकर्ष मागितलेला नाही. शेतकरी, मास्तर, वकील, सगळे ‘डीडी’च मागतात. एका आजोबांनी तर फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘साहेब, ह्याने पैसे येतात का जातात?’

पोरांचा खेळ म्हणून हसणाऱ्यांनी या आजोबांना उत्तर द्यावं. तिकडे आठ वर्षांच्या पोराला नाव कळावं, हसू यावं म्हणून कुणी सापाला उलटा टांगतो. इकडे सत्तर वर्षांच्या माणसाला स्वतःच्याच पैशाचं नाव स्वतःच्याच भाषेत कळत नाही, आणि आम्ही वर म्हणतो, ‘आजोबा, नीट वाचून सही करा!’