चाकांवरचे घर आणि पत्त्याचा रकाना

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाविषयीचे साहित्य वाचताना एक प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. या माणसाच्या घराचा विमा कोणत्या नावाने उतरवला जातो? प्रश्न रुक्ष आहे आणि साहित्यचर्चेत तो आगंतुक वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही तो विचारावासा वाटतो. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे पुस्तक आणि त्यावरून क्लोई झाओ यांनी २०२० साली केलेला चित्रपट यांविषयी जी चर्चा कानांवर येते, तिच्यात क्षितिज, एकांत आणि मुक्ती हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. ब्रूडर यांनी लिहिले आहे ते २००८च्या मंदीनंतर घर परवडेनासे झालेल्या, गाडीत राहून हंगामी मजुरी करणाऱ्या उतारवयातल्या अमेरिकन माणसांविषयी. गोदामांतली कामे, बीटची काढणी, कॅम्पग्राउंडांची राखण. क्षितिज त्यांच्यापुढे आहे हे खरे. ते न्याहाळायला सवड किती, हेही पुस्तकात पुरेसे दिसते.

अमेरिकेत मोटारहोममध्ये बारमाही राहणाऱ्यांसाठी ‘फुल-टायमर’ नावाचा विम्याचा वेगळा प्रकार आहे. त्याची कलमे आमच्या मते एखाद्या प्रवासवर्णनाइतकीच लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहेत. घरमालकाच्या विम्यात चार गोष्टी एकत्र नांदतात: वास्तू, आतले सामान, घर राहण्याजोगे न उरल्यास दुसरीकडे राहण्याचा खर्च आणि उत्तरदायित्व, म्हणजे पाहुणा आपल्या पायरीवरून घसरून पडला तर त्याची भरपाई. गाडीच्या विम्याची कल्पना निराळी. त्यात धडक आहे, चोरी आहे, रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचे नुकसान आहे. पाहुणा नाही आणि पायरीही नाही. सुटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या मोटारहोमच्या विम्यात मुक्कामावरच्या अपघातांची तरतूद मिळते, परंतु ती विमेदाराचे खरे घर दुसरीकडे आहे असे धरून. ज्याने ते घर विकले त्याचा घराचा विमा घराबरोबर संपला, आणि त्याच्या छायेत असलेल्या पुष्कळ गोष्टी उघड्यावर पडल्या. फुल-टायमर विमा ही पोकळी भरतो. तो गाडीला पायरी जोडून देतो, असे म्हणायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र गाडीचे गाडीपण सुटत नाही. घराची किंमत साधारणपणे चढते, गाडीची उतरते. मोटारहोम आगीत पुरती जळाली तर साध्या पॉलिसीत झीज वजा जाता उरलेले मोल हाती येते. आधीच ठरवलेली रक्कम देणारी किंवा नव्या गाडीची भरपाई देणारी कलमे जादा हप्त्याने मिळतात. पण नव्या गाडीचे कलम बहुधा पहिल्या काही वर्षांपुरतेच असते. वीस वर्षांच्या जुन्या गाडीत राहणाऱ्याने गमावले घर, आणि त्याला पैसे मिळाले जुन्या गाडीचे. यात कंपनीची लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. हिशेब चोख आहे. त्या पैशांत पुन्हा राहायला जागा होईल की नाही, एवढा एकच प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

यातून एक मोह उद्भवतो. बारमाही राहणाऱ्याचा हप्ता सुटीच्या प्रवाशाहून जास्त असतो. म्हणून अर्जात ‘सुटीसाठी’ असे लिहून मोकळे होणारेही असतात. अशी माहिती दडवल्याचे दाव्याच्या वेळी उघडकीस आले, तर कंपनी दावा नाकारू शकते. या खोटेपणाची मुळे भाषेतही आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. या वाहनाचे रूढ नावच ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, म्हणजे मनोरंजनाचे वाहन. विरंगुळा हा त्या नावाचा पायाच आहे, आणि घर असलेल्यालाच विरंगुळ्यासाठी घराबाहेर पडता येते. जुनी व्हॅन विकत घेऊन स्वतःच्या हातांनी तिच्यात खाट आणि चूल बसवणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. घरगुती सुतारकामाला मोटारहोम म्हणावे की नाही याविषयीच अनेक कंपन्या साशंक असतात. ‘नोमॅडलँड’मधल्या कितीतरी माणसांची घरे याच जातीची आहेत. ज्यांना या विम्याची निकड अधिक, त्यांच्या वाट्याला तो कमी येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि पत्ता? न थांबणाऱ्या घराच्या विम्यालाही पत्ता लागतो. तो नसेल तर वाहनाची नोंदणी नाही, परवाना नाही. म्हणून ही माणसे साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा या राज्यांत, जिथे वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेकडे एक पेटी घेतात. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या फिरस्त्यांच्या संघटनेचे ठाणे तिथे आहे. साउथ डकोटात तर वाहनपरवान्यासाठी एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरेशी होते, असा त्या राज्याचा लौकिक. मतदानासाठी मात्र २०२३ साली तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली. विमापत्रावर घराचा पत्ता म्हणून छापली जाते ती ही टपालपेटी. घर जिथे कधी उभेच राहत नाही, ते त्याचे गाव.

इथे मराठी वाचकाला लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आठवल्याशिवाय राहणार नाही. आम्हांसही ते आठवले. परंतु गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला पत्ता नव्हता तो जातिव्यवस्थेने कुठे टेकू दिले नाही म्हणून. टपालपेटी भाड्याने घेण्याची सोय ज्याला आहे, त्याची फरफट कितीही खरी असली तरी ती निराळ्या जातीची आहे. तुलनात्मक निबंधाचा विषय म्हणून ही जोडी कोणी उचलू पाहील, तर हा फरक आधी मांडावा.

रस्त्याच्या अमेरिकन वाङ्मयाचा विचार करताना जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) टाळता येत नाही. १९६० साली ट्रकवर खोली बसवून, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे ‘रोसिनान्ते’ हे नाव देऊन तो देश पाहायला निघाला. चाकांवरच्या घरांत राहणाऱ्यांकडे तो जेवलाही, आणि मुळे नसण्याविषयी त्यांच्याशी बोलला. ही पाने आम्हांस प्रिय आहेत. पण सॅग हार्बरला त्याचे घर होते. परतीचे दार ज्याला आहे, त्याने मुळांविषयी विचारलेला प्रश्न आणि ज्याला ते नाही, त्याने दिलेले उत्तर ही एका पातळीवरची वाक्ये नव्हेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न एकदा निराळ्या वाटेने आला होता. १९७९ साली सॅन डिएगोत वाहनतळावर उभ्या असलेल्या एका मोटारहोमची पोलिसांनी अमली पदार्थांच्या संशयावरून वॉरंटाविना झडती घेतली. घर असेल तर वॉरंट हवे, गाडी असेल तर नको. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने घराच्या बाजूने कौल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला. चाके आहेत, निघून जाता येते, म्हणून ती गाडी. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत नोंदवले. बहुमताच्या निकालपत्रात एक तळटीप आहे. तीच मोटारहोम ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली असेल, पाण्याविजेच्या जोडण्या घेऊन उभी असेल, तर तिला काय म्हणावे, याचा निर्णय आम्ही आज देत नाही, असे तीत सांगितले आहे.