वृद्धाश्रमाचे स्वयंपाकघर आणि कायद्याची नजर

वृद्धाश्रमांविषयी चर्चा होते तेव्हा इमारत, खाटा आणि वैद्यकीय सेवा यांचा विचार केला जातो. तेथे रोज अन्न शिजविणारा स्वयंपाकी मात्र या चर्चेत क्वचितच आढळतो. देशातील ज्येष्ठ नागरिकांची संख्या झपाट्याने वाढत असताना हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटी ७० लाखांच्या घरात जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांपैकी एक जण ज्येष्ठ नागरिक असेल. कुटुंबे लहान होत असून मुले नोकरीसाठी परगावी किंवा परदेशी जात आहेत. त्यामुळे निवासी संस्थांची गरज यापुढे वाढतच जाणार आहे.

एक चूल, अनेक पथ्ये

लग्नकार्यातील आचाऱ्याला शेकडो पाहुण्यांसाठी एकाच चवीचा स्वयंपाक करता येतो. वृद्धाश्रमातील स्वयंपाक्याला ती मुभा नसते. देशातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन पाहणीच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ६० वर्षांवरील सुमारे ३२ टक्के व्यक्तींनी उच्च रक्तदाब, तर सुमारे १४ टक्के व्यक्तींनी मधुमेह असल्याचे सांगितले होते. एकाच पंगतीत बसलेल्या चाळीस जणांपैकी काहींना मीठ कमी लागते, काहींना साखर वर्ज्य असते, तर दात नसलेल्यांना मऊ भात किंवा पेज द्यावी लागते. केरळमध्ये कंजी आणि उत्तरेत दलिया किंवा खिचडी हीच गरज भागविते.

पक्षाघात झालेल्या व्यक्तीला गिळण्याचा त्रास असेल तर कोरडी भाकरीच काय, पातळ चहादेखील धोकादायक ठरू शकतो. इन्सुलिन घेतलेल्या रुग्णाचे जेवण लांबल्यास रक्तातील साखर एकदम खाली येते. दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. परंतु आमटीचे पातेले एकच असेल तर हा सल्ला पाळायचा कसा, हे स्वयंपाक्यालाच ठरवावे लागते. मीठ सरसकट कमी केले तर अन्न बेचव होते आणि ताटे तशीच परत येतात. मग पथ्य पाळले जाते, पण पोषण होत नाही. ताट न संपविणारी व्यक्ती आजारी पडत आहे, हे अनेकदा डॉक्टरांच्या आधी स्वयंपाकघराच्या लक्षात येते.

कायद्यातील पोकळी

पालक व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये निर्वाहाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश करण्यात आला आहे. अर्थात मुलांनी पालकांना अन्न पुरविणे हे कायदेशीर कर्तव्य आहे. याच कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. मात्र तेथील सेवांचा दर्जा ठरविण्याविषयीच्या पोटकलमात वैद्यकीय सेवा आणि मनोरंजन यांचाच नामोल्लेख आढळतो. अन्नाचा नाही.

२०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या निवासी संस्थांसाठी अन्नासह किमान निकष ठरविण्याची तरतूद होती. ते विधेयक संमत होऊ शकले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या स्वयंपाकघरांनाही लागू होतो. त्याखालील नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. परंतु हा कायदा अन्न स्वच्छ व सुरक्षित असावे, एवढेच पाहतो. ते ऐंशी वर्षांच्या रुग्णाला मानवणारे आहे काय, हे पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही. याउलट बालगृहांसाठीच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहाराचे परिमाण आणि स्वयंपाक्यांची पदे या दोहोंचा उल्लेख आहे. बालकांसाठी जे शक्य झाले ते वृद्धांसाठी अशक्य का असावे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

कौशल्य आणि मोबदला

पहाटे चहापासून सुरू होणारे हे काम रात्रीची भांडी आवरेपर्यंत चालते. वृद्धांच्या जेवणाला सुटी नसल्याने सणवारही त्यातच जातात. अनेक संस्था देणग्यांवर चालतात. तेथे वेतनाऐवजी 'मानधन' हा शब्द रूढ आहे आणि राहण्याजेवणाची सोय हा मोबदल्याचाच भाग मानला जातो. परिणामी, कोणाला कोणते पथ्य आहे हे शिकलेला स्वयंपाकी अधिक पैसे मिळताच हॉटेलात किंवा कारखान्याच्या उपाहारगृहात जातो आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. याची किंमत अखेर रहिवासी मोजतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित रोजगारांपुरता मर्यादित न ठेवता सर्व कर्मचाऱ्यांना दिला आहे. त्यामुळे वृद्धाश्रमातील स्वयंपाक्याची बाजू बळकट झाली आहे. मात्र कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मिळते. चार-पाच माणसांच्या बळावर चालणाऱ्या लहान वृद्धाश्रमांत ते पोहोचणे कठीण आहे. शिवाय वाढीव वेतनाचा भार देणग्यांतून पेलणे अनेक संस्थांना जड जाईल, हेही विसरून चालणार नाही.

म्हणूनच केवळ वेतनाचा नियम पुरेसा ठरणार नाही. वृद्धाश्रमांना अनुदान देताना रहिवाशांच्या संख्येनुसार स्वयंपाक्यांची पदे निश्चित करणे, त्यांना पथ्यकर आहाराचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देणे आणि डॉक्टरांच्या सूचना स्वयंपाकघरापर्यंत लेखी पोहोचविणे, ही पावले फार खर्चिक नाहीत. यापुढे ज्येष्ठांविषयीचे नवे विधेयक आणले गेल्यास त्यात स्वयंपाकघराला कोणते स्थान मिळते, यावर वृद्धाश्रमातील ताटाचे भवितव्य अवलंबून राहील.