फाईल नेमकी कुठे अडकते? 'प्रोसेस मायनिंग' पुणेकरांना काय दाखवू शकतं

"साहेबांच्या सहीला गेलंय, दोन दिवसांनी या." सरकारी कार्यालयात हेलपाटे मारलेल्या माणसाला हे वाक्य नवं नाही. पण अर्ज खरोखर सहीसाठी थांबलाय की आधीच्याच टेबलावर पडून आहे, हे अर्जदाराला कळत नाही. अनेकदा ते वरिष्ठांनाही कळत नाही.

२०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांसाठी १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स सुधारणा कार्यक्रम राबवला. अर्ज ऑनलाइन झाले की कामं पटापट होतील, अशी आपली अपेक्षा असते. पण कागदाची रांग संगणकात गेली म्हणून ती आपोआप लहान होत नाही. एक गोष्ट मात्र बदलते. अर्ज कधी आला, कधी तपासला, कधी पुढे गेला, याच्या नोंदी संगणकात राहतात. या नोंदींवरून कामाची खरी वाट शोधून काढण्याचं तंत्र म्हणजे 'प्रोसेस मायनिंग'.

हे काम कसं करतं?

त्यासाठी मुळात तीनच गोष्टी लागतात: अर्जाचा क्रमांक, त्यावर झालेली कृती आणि तिची तारीख-वेळ. हजारो अर्जांच्या अशा नोंदी सॉफ्टवेअरला दिल्या की ते कामाचा नकाशा काढतं. जास्त अर्ज ज्या वाटेने गेले ती रेघ जाड, कमी गेले ती बारीक. कुठे किती दिवस गेले, कोणते अर्ज मागे फिरले, हेही त्यात दिसतं.

कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला तक्ता काम कसं व्हायला हवं ते सांगतो. हा नकाशा ते प्रत्यक्षात कसं झालं ते सांगतो.

नेदरलँड्समधले संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या तंत्राचा पाया घातला. २०११ मध्ये म्युनिकमध्ये सुरू झालेल्या 'सेलोनिस'सारख्या कंपन्यांनी ते उद्योगांपर्यंत नेलं. बिलं वेळेवर का निघत नाहीत, माल उशिरा का पोहोचतो, हे शोधायला मोठ्या कंपन्या ते वापरतात.

मग यात तुलना कशाची?

एक उदाहरण घेऊ. पुण्यात विवाह नोंदणीचं काम महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत होतं. कायदा एकच. अर्ज, कागदपत्रांची तपासणी, पती-पत्नी आणि तीन साक्षीदारांची हजेरी, सही आणि प्रमाणपत्र, हा क्रमही एकच.

आता समजा, 'अ' आणि 'ब' या दोन कार्यालयांत प्रमाणपत्राला सरासरी १२ दिवस लागतात. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) सरासरी पाहिली तर दोन्ही सारखीच. पण नकाशा काढल्यावर दिसतं की 'अ'मध्ये अर्ज सरळ पुढे जातात, मात्र शेवटच्या सहीसाठी ८ दिवस पडून राहतात. 'ब'मध्ये सही त्याच दिवशी होते, पण निम्मे अर्ज कागद अपुरे म्हणून परत जातात.

उशीर तेवढाच, पण कारण वेगळं. 'अ'ला सहीचे अधिकार आणखी एखाद्या अधिकाऱ्याला द्यावे लागतील. 'ब'ला कागदपत्रांची यादी सोप्या मराठीत आधीच सांगावी लागेल. दोन्हीकडे एकेक कारकून वाढवला तर खर्च होईल, रांग तशीच राहील.

असं कुठे झालंय का?

हो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या पाच नगरपालिकांनी बांधकाम परवान्यांच्या सुमारे चार वर्षांच्या नोंदी एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी अभ्यासकांना खुल्या केल्या. पाचही ठिकाणची प्रक्रिया सारखी असायला हवी होती. पण नियम बदलला की तो प्रत्येक ठिकाणी एकाच वेळी लागू होईलच असं नाही, हे नगरपालिकांना ठाऊक होतं. त्यांचे प्रश्न थेट होते: आमच्या कामाच्या वाटा कुठे वेगळ्या आहेत? एकाला जास्त वेळ का लागतो?

यात धोके काय?

पहिला धोका अपुऱ्या नोंदींचा. फोनवरची विनंती, तोंडी "नंतर बघू" किंवा कागदावर झालेली सही नकाशात येत नाही. आठवडाभर चाललेलं काम शेवटच्या दिवशी एकदम नोंदवलं, तर नकाशाही खोटाच निघेल.

दुसरा धोका घड्याळाचा. मुदत संपत आली की त्रुटी काढून अर्ज परत पाठवायचा आणि नव्या क्रमांकाने घ्यायचा, असं केलं तर प्रत्येक अर्ज 'मुदतीत' दिसेल. माणसाचा महिना मात्र गेलेला असेल.

तिसरा धोका, तुलना सारख्याची सारख्याशीच हवी. व्हिसासाठी जुन्या लग्नांची नोंदणी करणारे जिथे जास्त येतात, तिथे कागदांची छाननी अधिक असणार. ते न पाहता कर्मचाऱ्याला 'संथ' ठरवणं अन्यायाचं होईल.

पुण्यात पुढे काय करता येईल?

पुणे महापालिकेने नागरिकांसाठी 'ओपन डेटा' पोर्टल सुरू केलं होतं. तिथे नावं आणि पत्ते वगळून अर्जांच्या टप्प्यांच्या तारखा कार्यालयनिहाय दिल्या, तर तुलना फक्त अधिकाऱ्यांच्या बैठकीत राहणार नाही. "९० टक्के अर्ज मुदतीत निकाली" या एका आकड्यापेक्षा ती माहिती कितीतरी बोलकी असेल.

तोवर तुमच्या हातात एक कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळायला हवी आणि ठरलेल्या मुदतीत सेवाही. नाही मिळाली, तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो.

म्हणून पोच जपून ठेवा. अर्ज परत आला तर तारीख आणि कारण लेखी मागा. पुन्हा कधी "दोन दिवसांनी या" ऐकलंत, तर विचारा: "माझा अर्ज आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे आणि तिथे कोणत्या तारखेपासून आहे?"